जुन्या बीटलला मोठा कार्बोरेटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं फोक्सवॅगन बीटलच्या मागे बसणाऱ्या, हवेवर थंड होणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनाबद्दल आहेत, आणि त्यातही मुख्यतः १५८४ सीसीच्या ‘१६००’ इंजिनाबद्दल. १२०० आणि १३०० इंजिनांना तत्त्वं तीच, आकडे वेगळे.

कार्बोरेटर मोठा केला की ताकद किती वाढते?

एकट्या कार्बोरेटरने फार नाही. हे आधी मनाशी पक्कं केलं तर पुढचा बराच खर्च वाचतो.

याचा पुरावा कारखान्यानेच ठेवला आहे. १९७१ मॉडेलच्या १३०२ एस बीटलमध्ये १५८४ सीसीचं इंजिन मधोमध बसवलेल्या एका सोलेक्स कार्बोरेटरवर ४००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) ५० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) द्यायचं. तेवढ्याच सीसीचं इंजिन फोक्सवॅगनने टाइप ३ गाडीत दोन सोलेक्स ३२ लावून विकलं, तिथे ताकद भरली ५४ पीएस. फरक चार पीएसचा, आणि त्यातलाही काही वाटा किंचित चढ्या कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं त्याचा).

आता पोर्शे ३५६ कडे बघा. तिचं १६०० इंजिन १५८२ सीसीचं, म्हणजे जवळपास आपल्याच मापाचं. साध्या मॉडेलला दोन झेनिथ ३२ होते, ताकद ६० पीएस. सुपर ९० ला दोन सोलेक्स ४० आणि ताकद ९० पीएस. नुसतं एवढंच वाचलं तर कार्बोरेटरची जादू वाटेल. पण साध्या इंजिनाचं कॉम्प्रेशन ७.५ ला १ होतं, सुपर ९० चं ९ ला १, आणि ते ९० पीएस ५५०० आरपीएमला मिळायचे. बाकीचं इंजिन जास्त हवा मागू लागलं म्हणून कार्बोरेटर मोठा झाला. उलट्या क्रमाने हे काम होत नाही.

गेरहार्ड ऑटिंगर यांनी १९५० च्या दशकात बीटलसाठी ‘ओक्रासा’ नावाचे किट काढले. त्यात दोन कार्बोरेटरबरोबर दोन इनलेट पोर्टची (हवेच्या दोन तोंडांची) नवी हेडसुद्धा (सिलिंडरवरची झाकणं) असायची. कारखान्याने स्वतः अशी ड्युअल-पोर्ट हेड बीटलला दिली ती १९७१ मॉडेलपासून. जाणत्यांनी कार्बोरेटरचा विचार कधी एकट्याने केलाच नाही.

मग लोक दोन कार्बोरेटर लावल्यावर “गाडी बदलली” का म्हणतात?

कारण ती खरंच बदलते, फक्त तो बदल सगळा ताकदीच्या आकड्यात दिसत नाही.

मूळ रचनेत कार्बोरेटर मधोमध आणि सिलिंडर दोन्ही कडांना. मधे हातभर लांब, बारीक आणि थंड मॅनिफोल्ड, म्हणजे मिश्रण नेणारी नळी. पेट्रोलचं धुकं एवढा प्रवास करताना नळीच्या भिंतीला चिकटतं, थेंब होतात, आणि चारही सिलिंडरना सारखं मिश्रण पोचत नाही. म्हणून तर सायलेन्सरमधला गरम वायू मॅनिफोल्डखालून फिरवणारी बारीक प्री-हीट नळी दिलेली असते. कित्येक गाड्यांत ती काजळीने पूर्ण बुजलेली सापडते. अशी गाडी सकाळी अडखळते आणि मालक कार्बोरेटरला दोष देत बसतो.

प्रत्येक हेडवर स्वतःचा कार्बोरेटर आला की हा प्रवास काही इंचांवर येतो. ॲक्सिलरेटर दाबताच गाडी उचल खाते, तिसऱ्या गियरमध्ये खेचते, आवाज मोकळा होतो. शिवाय हवेला वाटही मोठी मिळते. ३४ पिक्ट-३ या मूळ सोलेक्सचा व्हेंच्युरी (हवेच्या वाटेतला अरुंद गळा) २६ मिलिमीटरचा, म्हणजे ५३१ चौरस मिलिमीटर जागा, आणि त्यातून चारही सिलिंडर श्वास घेतात. दोन वेबर ३४ आयसीटी कार्बोरेटर लावले तर २९ मिलिमीटरचे दोन व्हेंच्युरी, मिळून सुमारे १३२० चौरस मिलिमीटर. अडीचपट. ही जागा वरच्या आरपीएमला उपयोगी पडते. शहरात सुख मिळतं ते सारख्या वाटणीमुळे.

नवीन घेण्याआधी जुना सोलेक्सच नीट केला तर?

माझा आग्रह हाच आहे. ‘पॉवर कमी पडते’ म्हणून आलेल्या बहुतेक गाड्यांत मूळ इंजिनच पूर्ण ५० पीएस देत नसतं.

आधी टॅपेट (व्हॉल्व्हची मोकळीक): इंजिन पूर्ण थंड असताना ०.१५ मिलिमीटर. मग इग्निशनच्या पॉइंटचा गॅप ०.४ मिलिमीटर, मग टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ). कार्बोरेटर शेवटी. हा क्रम मोडला तर कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून दुसऱ्याच बिघाडावर पांघरूण घातलं जातं.

कार्बोरेटरमध्ये सर्वात आधी थ्रॉटल शाफ्ट (हवेची पाती फिरवणारी दांडी) हलवून बघा. पन्नास वर्षांत त्याची भोकं लंबगोल होतात आणि तिथून हवा ओढली जाते. आयडल (पाय काढल्यावरचा इंजिनाचा वेग) कधीच स्थिर बसत नाही. चांगला टर्नर पितळी बुश बसवून देतो, आणि असा दुरुस्त केलेला अस्सल सोलेक्स मला कुठल्याही स्वस्त नव्या नकलेपेक्षा जास्त पसंत आहे. ड्युअल-पोर्ट इंजिनात मॅनिफोल्डच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट तडकलेत का तेही बघा. चालू इंजिनावर तिथे कार्ब क्लीनरचा अगदी हलका फवारा मारायचा. आरपीएम बदलला की हवा तिथूनच आत जाते. (हे इंजिन थंड असताना, उघड्यावर आणि अग्निशामक जवळ ठेवूनच.)

३४ पिक्ट-३ चं आयडल थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूने वाढवायचं नसतं, ही गोष्ट अनेक मेकॅनिकना ठाऊक नाही. डाव्या बाजूला दोन स्क्रू असतात. मोठा बायपासचा, त्याने आयडलचा वेग ठरतो. लहान मिश्रणाचा, तो हलक्या हाताने पूर्ण बंद करून अडीच फेरे उघडायचा आणि तिथून बारीक जुळवायचा. स्टॉप स्क्रू फिरवला की थ्रॉटलची पाती आतल्या छिद्रांपासून सरकते, व्हॅक्यूमचा संकेत बिघडतो, आणि ॲक्सिलरेटर दाबताना गाडी दचकते. आयडल-कटऑफचं सोलेनॉइड (इंजिन बंद करताना पेट्रोल अडवणारी विजेची झडप) बारा व्होल्ट मिळाल्यावर ‘टिक्’ वाजतं की नाही, तेही तपासा.

एवढं करून गाडी चालवा. बऱ्याच जणांची हौस इथेच भागते.

माझं इंजिन सिंगल-पोर्ट आहे. दोन कार्बोरेटर चालतील?

त्याचं मॅनिफोल्ड वेगळं मिळतं, बसतं. पण एका बाजूच्या दोन सिलिंडरना हेडमध्ये एकच तोंड असल्याने वरचा फायदा हेडच अडवतं. इंजिन कधीतरी उघडायचंच असेल तर पैसे ड्युअल-पोर्ट हेडसाठी राखून ठेवा.

मधोमध एकच दोन-बॅरलचा (दोन तोंडांचा) वेबर बसवणं सोपं नाही का?

३२/३६ प्रोग्रेसिव्ह वेबर कागदावर मोहक दिसतो. लिंकेज (ॲक्सिलरेटरच्या दांड्या) एकच, दोन कार्बोरेटर सिंक करायची, म्हणजे सारखे जुळवायची, कटकट नाही. पण खरा दोष कार्बोरेटरच्या आकारात नव्हता, लांब थंड मॅनिफोल्डमध्ये होता, आणि तो तर तसाच राहतो. उलट मोठ्या तोंडातून हवा संथ जाते आणि पेट्रोल जास्तच खाली पडतं. प्री-हीटची नळी उघडी आणि गरम ठेवली तर तो बरा चालतो. दमट थंडीत ती बंद असेल तर मॅनिफोल्डवर अक्षरशः बर्फ धरतो. मी हा पर्याय सुचवत नाही.

३४ आयसीटी, केड्रॉन की ४० आयडीएफ?

मूळ कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असलेल्या १६०० ला ३४ आयसीटी किंवा केड्रॉन. केड्रॉन म्हणजे ब्राझीलमधला सोलेक्स एच-४०, व्हेंच्युरी २८ मिलिमीटर. दोन्हीत प्रत्येक बाजूला एकच थ्रोट (हवेची वाट) असतो आणि तो दोन सिलिंडरमध्ये वाटला जातो. इंजिनाचा फायरिंग क्रम १-४-३-२ आहे, त्यामुळे एका बाजूचे दोन्ही सिलिंडर पाठोपाठ ओढतात आणि मग काही काळ गप्प राहतात. म्हणून आयडल घड्याळासारखं गुळगुळीत मिळणार नाही. थोडी थरथर स्वाभाविक समजा.

वेबरचा ४० आयडीएफ किंवा डेलोर्टोचा ३६ डीआरएलए यांत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रोट असतो. वागणूक सर्वांत सुंदर यांचीच. पण त्यांचं चीज व्हायचं तर इंगल डब्ल्यू-१०० किंवा डब्ल्यू-११० सारखा कॅमशाफ्ट, मोकळा सायलेन्सर, आणि जमलं तर ९०.५ मिलिमीटर बोअरचं (सिलिंडरच्या व्यासाचं) १७७६ सीसी इंजिन हवं. मूळ इंजिनावर २८ मिलिमीटर व्हेंच्युरीचे ४० आयडीएफ उत्तम चालतात, फक्त त्यातली निम्मी क्षमता पडून राहते. पुढे इंजिन वाढवायचा बेत पक्का असेल तर मात्र आत्ताच हे घेणं शहाणपणाचं.

४४ किंवा ४८ का नको?

४८ आयडीए हा कॅलिफोर्नियातल्या ड्रॅग रेसवाल्या बीटलचा लाडका कार्बोरेटर. ती इंजिनं सात हजार आरपीएमकडे झेपावतात. आपलं इंजिन ४००० ला थकतं. मोठ्या थ्रोटमधून हवेचा वेग पडला की जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या मापाच्या भोकातून) पेट्रोल नीट ओढलंच जात नाही आणि सिग्नलवरून निघताना गाडी मरते.

जेट कोणत्या नंबरचे घालू?

आयडीएफसाठी सुरुवातीचा हिशोब सोपा: व्हेंच्युरीचं माप गुणिले चार. २८ मिलिमीटरला ११२, म्हणजे ११५ चा मेन जेट. पेट्रोलमध्ये हवा मिसळणारे भाग म्हणजे एअर करेक्टर २०० आणि इमल्शन ट्यूब एफ-११, आयडल जेट ५० किंवा ५५. ही फक्त सुरुवात. शेवटचा शब्द प्लगच्या रंगाचा, आणि त्याहून चांगला म्हणजे धुरावरून मिश्रण मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरचा. पूर्ण थ्रॉटलला हवा-पेट्रोल प्रमाण १२.५ ते १३ च्या आसपास असू द्या.

सगळे मेन जेटच्या मागे लागतात, पण आयडल जेटचा सर्किट जवळपास २५०० ते ३००० आरपीएमपर्यंत काम करतो. रोजची तीनचतुर्थांश गाडी तुम्ही आयडल जेटवरच चालवता. २२०० च्या आसपास गाडी अडखळत असेल, कार्बोरेटरमधून ‘फट्’ असा आवाज येत असेल, तर आधी आयडल जेट काढून उजेडात धरा. धुळीच्या एका कणाने तो बुजतो आणि एक सिलिंडर मिसिंग करतो. तार घालून साफ करू नका, भोक मोठं होतं. हवेच्या प्रेशरने फुंका.

डिस्ट्रिब्यूटर बदलावा लागतो का?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि दोन कार्बोरेटरवरच्या निम्म्या तक्रारी इथूनच येतात.

मूळ डिस्ट्रिब्यूटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) कार्बोरेटरच्या व्हॅक्यूमवर टायमिंग पुढे करतो. आयडीएफसारख्या रचनेत प्रत्येक थ्रोट एकाच सिलिंडरशी जोडलेला, त्यामुळे व्हॅक्यूम झटक्याझटक्याने येतो आणि डायफ्रामला स्थिर संकेत मिळत नाही. तिथे फक्त वजनांवर चालणारा, बॉश ००९ सारखा मेकॅनिकल डिस्ट्रिब्यूटर योग्य. त्याचं टायमिंग आयडलवर नाही, ३००० आरपीएमच्या वर पूर्ण ॲडव्हान्स झाल्यावर, टायमिंग लाइट लावून ३० अंशांच्या आसपास बसवायचं. ३२ च्या पुढे कधी जाऊ नका.

उलट मूळ ३४ पिक्टबरोबर ००९ लावला की निघताना दचका ठरलेला. तरी ही जोडी अनेक गाड्यांत दिसते, कारण ००९ स्वस्त होता आणि सगळीकडे मिळायचा. एकच सोलेक्स ठेवणार असाल तर व्हॅक्यूमवालाच ठेवा.

दोन कार्बोरेटर सिंक कसे करायचे?

इंजिन पूर्ण गरम करून. हे इंजिन तापल्यावर रुंदीला वाढतं, दोन हेडमधलं अंतर बदलतं आणि लिंकेजची ओढ बदलते. थंड इंजिनावर केलेलं सिंक पहिल्या दहा किलोमीटरवर निकालात निघतं.

लिंकेज दोन्ही बाजूंनी सोडा. प्रत्येक कार्बोरेटर आपापल्या स्टॉप स्क्रूवर उभा राहिला पाहिजे. एअर फिल्टर काढून थ्रोटच्या तोंडावर हवेचा प्रवाह मोजणारा सिंक्रोमीटर टेकवा आणि दोन्हीकडचा आकडा सारखा आणा. मग मिश्रणाचे स्क्रू: एकेक करून हळूहळू आत, इंजिन अडखळू लागलं की थांबा आणि अर्धा फेरा बाहेर. पुन्हा प्रवाह तपासा, कारण एक बदललं की दुसरं बदलतं. आता लिंकेज जोडा. जोडताना दोन्ही दांड्यांची लांबी अशी हवी की आयडल जराही हलणार नाही. शेवटी थ्रॉटल धरून २५०० आरपीएमला परत दोन्हीकडे मोजा. आयडलला जुळलेलं आणि वर न जुळलेलं, याचा अर्थ दांडीची लांबी किंवा कोन चुकला आहे.

लिंकेज घेताना पैसे वाचवू नका. सैल बॉल-जॉइंटची स्वस्त लिंकेज रोज वेगळं सिंक दाखवते.

इंजिन जास्त तापेल का?

मिश्रण लीन (पेट्रोल कमी) राहिलं तर नक्की. या इंजिनात पाण्याचा जॅकेट नाही. आत येणारं पेट्रोलही थोडी थंडाई करतं. म्हणून जेटिंग करताना शंका आली तर एक नंबर मोठा जेट घ्या.

दुसरं कारण कोणी बघत नाही. मूळ मॅनिफोल्ड काढला की मागच्या पत्र्यात प्री-हीट नळीची दोन भोकं उघडी पडतात. तिथून सायलेन्सरजवळची गरम हवा वर येते आणि पंखा तीच हवा इंजिनावर मारतो. ती भोकं पत्र्याच्या झाकणाने बंद करा. इंजिनाच्या कडेचं रबरी सीलही अखंड हवं. १९७१ पूर्वीच्या इंजिनात ऑइल कूलर पंख्याच्या हवेच्या वाटेतच उभा असल्याने तीन नंबरचा सिलिंडर आधीच गरम असतो. ताकद वाढवणार असाल तर नंतरच्या ‘डॉगहाउस’ पद्धतीचा (वेगळ्या डब्यात बसणारा) कूलर आणि त्याचा श्राउड (पंख्याचं पत्र्याचं आवरण) बसवा. कार्बोरेटरपेक्षा आधी.

पेट्रोल पंप आणि पाइप तेच चालतील?

मूळ मेकॅनिकल पंप चालतो, पण वेबरला साधारण ३ ते ३.५ पीएसआयपेक्षा जास्त दाब सोसत नाही. जास्त झाला तर फ्लोटची सुई पेट्रोल अडवू शकत नाही, ते सिलिंडरमध्ये झिरपतं आणि ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन चालू करू नका. ऑइल बदला आणि दाब मोजा. पंपाखाली जास्तीची पॅकिंग घालून दाब कमी करता येतो.

पाइपबद्दल मी कळकळीने सांगतो. या इंजिनाचा क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. पेट्रोलची आग त्याच्यापर्यंत पोचली की गाडी वाचत नाही, आणि पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी मारलं तर भडका वाढतो. जुन्या सोलेक्समध्ये पेट्रोल येण्याची पितळी नळी नुसती ठोकून बसवलेली असते. ती हाताने फिरत असेल तर आज ना उद्या निघणार. तिथे आटे पाडून स्क्रूचं नोझल बसवा. प्लास्टिकचा फिल्टर इंजिनच्या खोलीत लटकवू नका. टाकीजवळ, पुढे लावा. प्रत्येक जोडाला क्लिप, पत्र्यातून पाइप जातो तिथे रबरी ग्रोमेट, आणि हाताशी येईल असा अग्निशामक.

ई-२० पेट्रोलचं काय करायचं?

भारतात आता पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण लीन होतं. निव्वळ पेट्रोलला आदर्श हवेचं प्रमाण १४.७, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे जुन्या पुस्तकातला जेट आज लहान पडतो. मेन आणि आयडल दोन्ही एक-दोन पायऱ्या वाढवून बघा. जुने रबरी पाइप, पंपाचा डायफ्राम आणि फ्लोटची सुई इथेनॉल सोसणाऱ्या मालाची घाला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर कोरडा करून ठेवा, नाहीतर ओलावा धरून आतलं जस्त-ॲल्युमिनियम पांढरं पडतं.

महाबळेश्वरला जाताना जेट बदलावे का?

नाही. साडेतेराशे मीटरवर हवा विरळ होऊन मिश्रण पाच-सहा टक्के रिच (पेट्रोल जास्त) होतं. ते इंजिनाला मानवतं. पसरणीच्या घाटात काळजी दुसरीच घ्या. चौथ्या गियरमध्ये रेटत नेऊ नका. पंखा इंजिनाच्या वेगावर फिरतो, आरपीएम पडला की वारा पडतो. एक गियर खाली घ्या.

विंटेज नोंदणीला अडचण येईल?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये विंटेज वाहनांची तरतूद आली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. वाढवलेलं इंजिन घेऊन तपासणीला जाणं धोक्याचं. अशी नोंदणी करायची असेल तर कॅम आणि बोअरला हात लावू नका, आणि मूळ सोलेक्स, मॅनिफोल्ड, एअर क्लीनर, त्यांचे नटबोल्टसुद्धा डब्यात नाव घालून जपून ठेवा. आरटीओत अर्ज करण्याआधी ते परत चढवता आले पाहिजेत.

ॲव्हरेज किती पडेल?

नीट जुळवलेले दोन ३४ आयसीटी मूळच्या जवळपास राहतात. पाय जड असेल तर नाही.

बसवून झाल्यावर काय तपासायचं?

पहिल्या दिवशी, इंजिन गार झाल्यावर, मॅनिफोल्डचे नट परत आवळा; नवी पॅकिंग बसते आणि नट सैल पडतात. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा. चारही प्लग एकदम काढून ओळीने ठेवा. चारही फिकट तपकिरी असतील तर ठीक. एका बाजूचे दोन पांढरे दिसले तर त्या बाजूचं मॅनिफोल्ड हवा ओढतंय. एकटाच पांढरा असेल तर त्याचा आयडल जेट बघा. पाचशे किलोमीटरला ऑइल बदला, टॅपेट पुन्हा ०.१५ वर आणा, आणि सिंक्रोमीटर परत लावा.